आरोपी क्रमांक एक यांस

दाजी, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. पोरांनी नातीच्या लग्नातला फोटो घेतलाय, फेटा बांधलेला, आणि खाली छापलंय, 'शांत, मनमिळाऊ, अजातशत्रू'. मी दोनदा वाचलं. तुम्ही शांत कधी होतात? चाळीस वर्षांत मी तुम्हाला गप्प पाहिलंय, शांत पाहिलेलं नाही. मनमिळाऊ म्हणावं तर तुमच्या तोंडापायी भट्टीवरचे तीन कारागीर पळाले. आणि ज्याला मेहुणा आहे तो अजातशत्रू कसा, हे त्या फ्लेक्सवाल्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

मला जे लिहायचंय ते फ्लेक्सवर मावणार नाही, आणि मावलं तरी छापणारा छापणार नाही. कोर्टाच्या कागदांवर तुम्ही आरोपी क्रमांक एक होतात आणि मी आरोपी क्रमांक दोन. तुमच्या बायकोचा भाऊ, तुमच्या दुकानातला भागीदार, ही नाती कोर्टाला नको असतात. इतकी वर्षं शिपायाने आपल्याला त्याच क्रमाने पुकारलं आणि आपण त्याच क्रमाने उठून उभे राहिलो. आता क्रमांक एक गेला. म्हणून क्रमांक दोन बोलतोय.

मी उर्से गावातून लोणावळ्याला तुमच्याकडे आलो तेव्हा मला चिक्कीतलं काही येत नव्हतं. खायला येत होती, तेवढंच. पहिल्या दिवशी तुम्ही मला गुळाचा पाक ओळखायला बसवलंत. वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा, गोळी झाली की दाताखाली धरायची. चिकटली तर पाक कच्चा, कट्‌कन तुटली तर झाला. मी चिकटणाऱ्या पाकाला 'झाला' म्हणालो. तुम्ही ती अख्खी कढई माझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलीत आणि म्हणालात, "माज्या बायकूचा भाऊ हायेस म्हणून हितं उभा हायेस. न्हाईतर कढईत तुलाच हालवला असता." पुढे मला तुमच्यापेक्षा चांगला पाक जमायला लागला. ते तुम्ही तोंडाने एकदाही कबूल केलं नाहीत. फक्त एक दिवस तुम्ही माझ्या पाकाची गोळी दाताखाली धरणं बंद केलंत. माझ्या ते आठवडाभराने लक्षात आलं आणि मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, म्हणजे डोळे. तुम्ही मला रोजगार दिलात, हातात कसब दिलंत, घरात अक्काच्या, माझ्या बहिणीच्या, हातचं जेवण दिलंत. हे सगळं खरं आहे आणि पुढचं लिहिण्याआधी ते लिहून टाकलेलं बरं.

आपली चूक लोणावळ्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आपल्या वकीलबाई वडगावच्या, म्हणजे मावळातल्याच, तरी त्यांनाही तीन वेळा सांगावी लागली. चिक्कीच्या खोक्यावर चिकटवायची लेबलं आपण गठ्ठ्याने छापून आणायचो, गुळगुळीत कागदावर, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं. त्यावर चिक्की केल्याची तारीख रबरी शिक्क्याने मारायची. उन्हाळ्या-हिवाळ्यात काही अडचण नव्हती. पण पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे भिंतींना शेवाळ धरतं, काडेपेटी पेटत नाही, वाळत घातलेली चादर आठवड्याने ओलीच काढावी लागते. तिथे गुळगुळीत कागदावरची शाई कशी वाळणार? शिक्का मारला की पसरायचा. गिऱ्हाइकाची बोटं जांभळी, त्या बोटांनी पोराचं तोंड पुसलं की पोराचा गाल जांभळा. एक बाई पांढऱ्या ड्रेसवर डाग घेऊन परत आली आणि दुकानासमोर उभी राहून तिने आपल्या सात पिढ्यांची आपल्यालाच ओळख करून दिली. आणि बघा, गिऱ्हाईकही सगळं पावसाळ्यातच. धबधबे बघायचे, भिजायचं, कणीस खायचं आणि जाताना चिक्की घ्यायची.

पावसाळ्यात शिक्का बंद ठेवायचा ही रीत मी पाडली. तुम्ही नाही म्हणाला होतात. "तारीक नसलेला माल म्हंजी जलमाचा दाखला नसलेलं पोर," असं काहीतरी तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "दाजी, चिक्की दोन दिवसांत खपतेय. तारीख वाचायला वेळ कोणाला आहे?" वाद तीन दिवस चालला. खोकी भरणाऱ्या मावशी, कुरवंड्याच्या वाडीवरून यायच्या त्या, आपली भांडणं ऐकून कंटाळल्या आणि म्हणाल्या, "तुमी दोगं ठरवा काय त्ये. तवर मी बिनशिक्क्याची भरते." त्यांनी भरली आणि तेच ठरलं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. तुमची ती सवय मला पहिल्यापासून आवडत नसे. वाद हरलात की तुम्ही भांडत नव्हतात, वाट बघत होतात.

भर पावसाळ्यात अन्न निरीक्षक आला. गोड माणूस होता. चिक्की खाल्ली, चांगली आहे म्हणाला, आणि तीन खोकी सील करून घेऊन गेला. चिक्कीत काहीच सापडलं नाही. लेबलावर तारीख सापडली नाही. तेव्हाच्या कायद्यात तेवढ्यालाही कमीत कमी सहा महिने तुरुंग होता. निरीक्षक गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही माझी सालटी काढणार. तुम्ही हात धुतलेत, भाजलेले शेंगदाणे पाखडायला घेतलेत आणि म्हणालात, "पाव्हणं, शिक्का कुटं ठिवलाय? सापडला तर जपून ठिवा." रागात असलात की तुम्ही मला 'पाव्हणं' म्हणायचात. एरवी सुरेश.

केस वडगावच्या कोर्टात चालू असतानाच कायदा बदलला. जुना गेला, नवा आला, आणि नव्यात लेबलाच्या असल्या चुकीला तुरुंगच नाही, नुसता दंड. वकीलबाईंचा फोन आला त्या दिवशी तुम्ही भट्टीवरच्या सगळ्यांना चहा पाजलात, मावशींना दोनदा. दुसऱ्या दिवशी वकीलबाई भेटल्या आणि चहा वाया गेला.

"सरकारने शिक्षा वाढवली तर ती जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही, हे घटनेतच आहे," त्या म्हणाल्या. "पण कमी केली तर ती कमी झालेली शिक्षा जुन्या गुन्ह्याला लावायची की नाही, यावर वाद आहेत. नव्या कायद्यातच एक कलम ठेवलंय की जुन्या कायद्याखालच्या शिक्षा तशाच राहतील. आपल्याकडचे आधीचे निकालही तेच धरून आहेत. जेव्हाचा गुन्हा, तेव्हाची शिक्षा. खालच्या कोर्टाला ते निकाल मोडता येत नाहीत."

"मग मोडतं कोण?" मी विचारलं.

"वरचं कोर्ट. त्याला पटलं तर."

"आणि पटतं कधी?"

वकीलबाई फायलीची दोरी बांधत होत्या. "ते मला कळत असतं तर मी वडगावात असते का?" म्हणाल्या.

तिथून आपला खरा वाद सुरू झाला, आणि तो तुम्ही अर्धा टाकून गेलात. मला वाटलं होतं, नव्या कायद्याच्या बाजूने तरी आपण दोघं एक असू. पण तुम्ही जुन्या निकालांच्या बाजूने! स्वतः आत जायची वेळ आलेला माणूस सरकारी वकिलासारखा बोलायला लागला. वडगावहून परत येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "आज त्या चुकीला तुरुंग न्हाई, म्हणून कालची चूक हलकी झाली व्हय? ज्या दिशी केली त्या दिशीच्या मापानं मापायची." मी म्हणालो, "अहो, तेच खोकं, तीच चूक. उद्या जो करेल तो दंड भरून घरी जाईल आणि आपण दोघं आत? हा कुठला न्याय?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "आणि आदी जी मान्सं आत जाऊन आली, त्यांचं काय? त्यांचं सा म्हयनं कोर्ट परत देणार हाय का? त्यांना देता येत न्हाई, तर आमाला तरी कशापायी द्यायचं?"

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही अडाणी आहात."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "पण तारीक मारा म्हणणारा अडाणी मीच व्हतो."

त्यानंतर वर्षानुवर्षं तुम्ही हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाहीत. गरजच नव्हती. कोर्टाच्या तारखेला जाताना तुम्ही पिशवीत डबा घ्यायचात आणि माझ्याकडे बघायचात. पावसाळ्यात दुकानात कोणी ओल्या हाताने खोकं उचललं की माझ्याकडे बघायचात. मला कधी कधी वाटायचं, निरीक्षक परवडला. तो तीन खोकी घेऊन एकदाच गेला होता.

वडगावला सहा-सहा महिन्यांची शिक्षा लागली. पुण्याला अपील केलं, ते फेटाळलं, कारण आधीचे निकाल. मग मुंबईला हायकोर्टात दोघांचे वेगवेगळे अर्ज गेले आणि आपण जामिनावर बाहेर राहिलो, इतकी वर्षं की कधी कधी आपण आरोपी आहोत हे मी विसरायचो. तुम्ही विसरत नव्हतात. नातीची पहिली सोयरीक आली, पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं की केस कशाची आहे. मी काहीतरी गोलमाल सांगणार तेवढ्यात तुम्ही खरं ते सांगून टाकलंत, पाचशे बारीक गोष्टींसकट, शाई, शेवाळ, जांभळा गाल. पाहुणे उठून गेले. नातीचं लग्न नंतर दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं, पण त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. म्हणालात, "अर्ज मागं घेतो. सा म्हयनं काढतो आणि मराच्या आदी कोरा व्हतो. ह्ये ओझं घिऊन मला जायाचं न्हाई."

मी तुम्हाला अडवलं. अक्कासमोर अडवलं, तोंडदेखलं का होईना. वकीलबाईंनीही समजावलं. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे होतात आणि तुमच्या छातीतून तेव्हाच भट्टीच्या भात्यासारखा आवाज यायचा. पण तुम्ही ऐकणारे नव्हतात. कागदावर तुमची सही झाली. तो कागद सोमवारी मुंबईला द्यायचा आणि त्यानंतर तुम्ही वडगावला हजर व्हायचं, असं ठरलं.

आता शुक्रवारचं सांगतो.

शुक्रवारी दुपारी वकीलबाईंचा मला फोन आला. दिल्लीला सुप्रीम कोर्टापुढे असंच एक जुन्या लेबलाचं प्रकरण सुनावणीला आलं होतं, जुना कायदा, जुनी चूक, सहा महिने. त्या म्हणाल्या, "न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला जे प्रश्न विचारले ते ऐकले तर मला वाटतं, यावेळी जुनी वाट सुटेल. तुरुंगाऐवजी दंड होईल. नक्की नाही, पण माझं मन सांगतंय. दाजींना म्हणावं, अर्ज आत्ता मागे घेऊ नका, थांबा. तुम्ही त्यांच्याशी बोला आणि मला सोमवारी सकाळपर्यंत कळवा."

मी हो म्हणालो. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, मी बोललो नाही. शनिवारी गर्दी होती, बोललो नाही. रविवारी तुम्ही दुपारपर्यंत ओट्यावर पिशवी भरत बसला होतात, मी दोनदा समोरून गेलो. सोमवारी सकाळी वकीलबाईंना फोन केला आणि म्हणालो, "दाजी थांबायला तयार नाहीत."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. का केलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. वकीलबाई मागे एकदा म्हणाल्या होत्या की भट्टी दाजींच्या नावाची आहे, त्यांनी शिक्षा भोगलेली असली तर कोर्टाला माझ्याकडे बघताना कदाचित थोडी दया येईल. ते डोक्यात होतंच. तुम्ही सहा महिने नसाल तर दुकानात मला जरा श्वास घेता येईल, हेही होतं. पण ही कारणं मी वकिलाला सांगावीत तशी सांगतोय. खरं एवढंच आहे की तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं, आणि ते तुम्ही मला रोज न बोलता दाखवत होतात. मला त्या नजरेपासून सहा महिने सुटी हवी होती. तिची किंमत तुमची छाती होती, हे मला माहीत होतं.

गुरुवारी मीच तुम्हाला गाडीतून वडगावला नेलं. जुन्या रस्त्याने चला म्हणालात. कामशेतला थांबायला लावलंत, चहा घेतला, तुम्ही बशीत ओतून प्यायलात. पिशवीत दोन सदरे, पायजमे, दातांची पावडर, छातीचा पंप. तुम्ही विचारलंत, "सुरेश, काय बोलायचंय का?" मी म्हणालो, "औषधं घेतलीत ना सगळी?" तुम्ही म्हणालात, "घेतली." चहाचे पैसे तुम्ही दिलेत. मला देऊ दिले नाहीत.

मी तुम्हाला तुरुंगात एकदाच भेटायला आलो. अक्का आणि तुमचा मुलगा प्रत्येक भेटीला जायचे, मी दुकानाचं कारण सांगायचो. जाळीपलीकडे तुम्ही वाळून गेला होतात, पण जीभ शाबूत होती. "पाक कोण बघतोय?" म्हणालात. मी म्हणालो, "मीच." "मंग लोकं खात असतील का?" शेजारचा कैदी हसला, तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "हितं लय शिस्त हाय बग. परत्येक माणसावं तारीक हाय. कवा आला, कवा जाणार. तुला हितं आनला असता तर शिकला असतास." पुढच्या भेटीला मी गेलो नाही. तुम्ही सुटलात त्या दिवशी तुम्हाला आणायला पुण्याला गेलो, तेव्हा तुमचा पंप रिकामा होता आणि गाडीत तुम्ही वडगावपर्यंत झोपलात.

त्यानंतर दिल्लीचा निकाल लागला. वकीलबाईंचं मन बरोबर होतं. त्या निकालाला धरून मुंबईला माझ्या अर्जावर आधीचे निकाल बाजूला ठेवले गेले आणि माझे सहा महिने पुसून दंड झाला. मी वकीलबाईंना विचारलं, "दाजींचं काय?" त्या म्हणाल्या, "त्यांनी अर्ज मागे घेतला, शिक्षा भोगली. भोगून संपलेल्या शिक्षेतून कोर्ट काय कमी करणार?"

तो कागद मी तुमच्या ओट्यावर बसून तुम्हाला वाचून दाखवला. इंग्रजीतला, माझ्या मोडक्या मराठीत सांगत. कायदा करणाऱ्यांनाच आज या चुकीला तुरुंग नको वाटतो, तर इतक्या वर्षांनी माणसाला आत टाकून काय साधणार, असा त्याचा मतलब होता. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. शेवटी विचारलंत, "आणि आदी आत जाऊन आल्याली मान्सं? त्यांचं काय लिवलंय?"

"काही नाही लिहिलं."

"न्हाईच लिवणार," तुम्ही म्हणालात, आणि हसायला लागलात. हसता हसता खोकला आला, अक्का आतून पाणी घेऊन आली. गाडीतल्या त्या वादात 'ती माणसं' म्हणजे कोणी परकी होती. आता ती माणसं म्हणजे तुम्ही होतात. यावेळी तुम्हाला अडाणी म्हणायची सोयही नव्हती.

पुढचं वर्षभर तुम्ही माझा सूड घेतलात, आणि फार प्रेमाने घेतलात. दुकानात कोणी ओळखीचं आलं की माझ्याकडे बोट दाखवायचात, "ह्ये आमचं पाव्हणं. दंडावर सुटल्यालं." मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचात. त्यांना काही कळायचं नाही, ते हसायचे. मीही हसायचो. मावशींनी एकदा तुम्हाला झापलं, "आबा, पुरं करा आता, त्ये काय पोर हाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "पोर असता तर कान धरला असता." त्याच वर्षी तुम्ही लवकर वाळणाऱ्या शाईचा नवा शिक्का आणलात आणि भर पावसाळ्यात प्रत्येक खोक्यावर स्वतःच्या हाताने तारीख मारलीत. एकही तारीख वाकडी उमटली नाही. मी शेजारी बसून लेबलं चिकटवायचो. ते दिवस वाईट नव्हते, दाजी. तुम्ही टोचायचात, मी टोचून घ्यायचो, आणि संध्याकाळी तुम्ही तुमच्या सुपारीतलं अर्धं खांड मला द्यायचात. मी ते खात असताना रोज ठरवायचो, उद्या सांगू.

शेवटी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. चाळीस वर्षांचा धूर. तुरुंगाने मारलं असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की दोन वर्षांपूर्वीच्या सहा महिन्यांनी काही फरक पडला असेल का. ते म्हणाले, सांगता येत नाही. म्हणजे नाही म्हणाले नाहीत, आणि हो म्हणाले नाहीत. दवाखान्यात मी तुमच्या खाटेशी बसलो होतो. अक्का खाली औषध आणायला गेली होती. मी म्हणालो, "दाजी, तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "पाणी दे." मी पाणी दिलं. तुम्ही मास्क परत लावलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी त्याला तुमचा थकवा समजलो.

काल कुरवंड्याला नदीवर तुमचा दहावा झाला. पिंड ठेवले. मी मनाशी ठरवून आलो होतो की कावळा शिवणार नाही. माझं ऐकल्याशिवाय तुम्ही कसे जाल? मुलगा आईला सांभाळीन म्हणेल, नात काहीतरी म्हणेल, तरी कावळा झाडावरच बसेल, आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले की मी पुढे होईन आणि सगळ्यांदेखत बोलेन. शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळं. वाक्य पाठ केलं होतं. पिंडाला नमस्कार करून आम्ही वळलो, दहा पावलंही मागे सरलो नव्हतो, आणि कावळा आला आणि भात उचलून गेला. कोणाला काही बोलायची पाळीच आली नाही. भटजी म्हणाले, "मोठा समाधानी आत्मा. काही मागे राहिलं नाही बघा." सगळ्यांनी हात जोडले. मी पाठ केलेलं वाक्य तोंडात घेऊन उभा होतो.

परत येताना अक्का माझ्याबरोबर मागे राहिली. बांधावरून चालताना तिने माझा हात धरला होता, तिला आता कमी दिसतं. मी म्हणालो, "अक्का, दाजींना एक गोष्ट सांगायची राहिली."

"शुक्रवारची?" ती म्हणाली.

मी थांबलो. ती थांबली नाही, म्हणून मलाही चालावं लागलं.

"वकीलबाईंचा फोन आदी ह्यांना आला व्हता," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं, सुरेशला कळवा, माजं नाव काडू नका, त्यो मला यिऊन सांगंल. तीन दिस हे तुजी वाट बगत व्हते. मी म्हणलं, अवं तुमीच इचारा की त्याला. हे म्हणलं, न्हाई, त्याचं त्याला सांगू दे. सोमवारी बाईंचा परत फोन आला. तुमी थांबायला तयार न्हाई असं सुरेश म्हणतोय, खरं का? हे म्हणलं, त्यो म्हणतोय तर खरंच."

दाजी, तुम्ही फोन ठेवून काय केलंत ते मी तिला विचारलं नाही. एक वाक्य बोलला असतात तर घरी राहिला असतात. माझी मान धरून दुकानाच्या फळीवर आपटायला तुमचा अधिकार होता, मी हूं केलं नसतं. पण तुम्ही खटला चालवलात, साक्ष स्वतःच दिलीत, शिक्षाही स्वतःच भोगलीत, आणि मला निकाल कळवला तो तुमच्या दहाव्याला. आता मी अपील कुठे करू? कोणाचा जुना निकाल दाखवू?

एवढंच अक्काला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तवापास्नं," ती म्हणाली. "मी बी वाट बगत व्हते."

आणि तिने माझा हात सोडला नाही, कारण पुढे चढ होता आणि तिला दिसत नव्हतं.

तुम्ही आत होतात ते सहा महिने दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जात होतो, दाजी. एकटी आहे, सोबत होईल, असं म्हणून. ती ताट वाढायची आणि माझ्यासमोर बसून राहायची, मी जेवेपर्यंत. मला वाटायचं, भावाची माया. मी जेवत होतो आणि भात दोनदा मागून घेत होतो.